बाहीखालचं गोंदण

“ताई, तुमचं तिकडचं तिकडे ठेवा. आम्हाला इथे मंडळी सांभाळायची आहे.”

नगरच्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात मला हे उत्तर मिळालं. इथे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला, मॉर्निंग शिफ्टला निघताना गाडीत बसून वाचलं आणि अजून ते घशात अडकून आहे.

विषय माझ्या भाच्याचा. पुण्यात दोन वर्षं एका आर्टिस्टच्या हाताखाली काढून त्याने सावेडीत टॅटूचं छोटं दुकान टाकलं. बारा वर्षांचा असल्यापासून तो रविवारच्या उपासनेत कीबोर्ड वाजवतो. आता पंच कमिटीने ठरवलंय की हा धंदा सोडेपर्यंत त्याने गायनमंडळात बसायचं नाही. दादा काही बोलला नाही, तो कधीच बोलत नाही. वहिनी फोनवर रडली. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं.

कारण दिलंय बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९:२८ चं. मेलेल्यांसाठी अंगावर जखमा करून घेऊ नका, अंग गोंदवून घेऊ नका. वचन आहे, नाही कोण म्हणतं? पण त्याची सुरुवातच मेलेल्यांच्या शोकापासून होते. त्याच्या आधीचं वचन दाढीच्या कडा छाटू नका म्हणतं. त्याच अध्यायात दोन प्रकारच्या सुतांचं कापड अंगावर घालू नका असंही आहे. त्यावर आमच्याकडे कधी ठराव झालेला नाही. आणि तोच अध्याय पुढे, ३४व्या वचनात, तुमच्यात राहणाऱ्या परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करा असं सांगतो, कारण तुम्हीही मिसर देशात परदेशी होता. २००९ साली ऑकलंडला आले तेव्हा हे वचन मी रोज रात्री वाचायचे.

तेव्हा माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन व्हायचं होतं. मांगेरेतल्या एका रेस्ट होममध्ये केअरगिव्हर म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या एका आजोबांना आंघोळ घालायची होती. शॉवर चेअरवर बसवून टॉवेल बाजूला केला आणि मी दोन पावलं मागे सरले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळ्या रेघांनी अंग भरलेलं, कातडीचा मूळ रंग मध्येमध्ये फटीतून दिसावा तसा. त्यांनी माझं मागे सरणं पाहिलं. म्हणाले, “घाबरू नको. प्रार्थना करून बसलो होतो.” पुढे त्यांना वर्षभर मी आंघोळ घातली. काही रेघा किंचित उठून आलेल्या होत्या, साबणाच्या हाताला कळायच्या. तुफुगाने, म्हणजे गोंदणाऱ्या उस्तादाने, हातोडीने ठोकून काढलेला पेआ होता तो, सामोअन पुरुषांचं पारंपरिक गोंदण. मध्येच सोडून उठलं तर अख्ख्या घराण्याला लाज, म्हणून दातावर दात धरून पुरा केलेला. आजोबा त्यांच्या चर्चचे डीकन होते. दर रविवारी मुलगी त्यांना पांढरा शर्ट आणि पांढरा लावालावा, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, नेसवून उपासनेला न्यायची.

लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स सामोआत उतरले १८३० साली. अमेरिकन मिशनरी नगरला आले १८३१ साली. जवळजवळ एकाच वेळी सुवार्ता दोन्हीकडे पोचली. तिथल्या मिशनऱ्यांनाही गोंदणं पटत नव्हतं, त्यांनीही ते बंद पाडायला पाहिलं. पण सामोअन लोकांनी ख्रिस्तही धरला आणि पेआही सोडला नाही. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटावर क्रूस गोंदवतात. जेरुसलेमच्या जुन्या शहरात रझूक घराणं यात्रेकरूंच्या हातावर आजही क्रूस काढून देतं. हे सगळे आपल्यापेक्षा कमी ख्रिस्ती आहेत का?

हे मी ग्रुपवर लिहिलं. शिवाय हेही लिहिलं की इथे हनुवटीवर मोको, म्हणजे माओरी गोंदण, असलेली बाई २०२० साली देशाची परराष्ट्रमंत्री झाली, आणि एअर न्यूझीलंडने २०१९ पासून कर्मचाऱ्यांना दिसणारे टॅटू चालवून घेतले. तेव्हाच ते ‘तिकडचं तिकडे’ आलं. खरं सांगायचं तर इथल्याही सगळ्या मंडळ्यांना टॅटू पटतो असं नाही. आम्ही भारतीय जिथे उपासनेला जमतो तिथेही तरुण मुलं बाह्या खाली ओढून येतात. ते मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी एका वयस्कर पंचांचा फोन आला. प्रेमाने बोलले. “बाई, टॅटू एक वेळ सोड. पण पोरगा लोकांच्या दंडावर महादेव काढतो, त्याचं काय?”

हा प्रश्न मात्र खरा आहे. नगरमध्ये टॅटूला येणारं गिऱ्हाईक काय मागतं? महादेव, त्रिशूळ, राजमुद्रा, ‘आई’. क्रूस मागणारा महिन्यातून एखादा. भाच्याला मी विचारलं तर तो म्हणाला, “आत्या, तो माणूस त्याच्या देवाचं नाव घेऊन माझ्यासमोर हात पुढे करतो. मी त्याला वाकडं काढून देऊ का?” मी पंचांना बायबलातल्या नामानाची गोष्ट आठवून दिली. अरामाचा सेनापती कोडातून बरा झाला, इस्राएलाच्या देवाला मानू लागला. तरी धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी, असं त्याने अलीशा संदेष्ट्याला म्हटलं. अलीशाने त्याला नोकरी सोड म्हटलं नाही. शांतीने जा, एवढंच म्हणाला. पंच म्हणाले, “वाचतो मी परत.”

मी त्याचं दुकान व्हिडिओ कॉलवर नर्सच्या नजरेने तपासलंय. सुईचं कार्ट्रिज गिऱ्हाइकासमोर फोडायचं, काम झालं की शार्प्सच्या, म्हणजे वापरलेल्या सुयांच्या, डब्यात. शाईची इवली वाटी प्रत्येकाला नवी. खुर्चीवर, मशीनच्या वायरवर प्लास्टिक. ऑकलंडमध्ये या कामाला काउन्सिलचं लायसन्स लागतं. हा पोरगा कुणी न विचारता ते सगळं पाळतो. देवाच्या भयात धंदा करणं म्हणजे याहून वेगळं काय असतं, ते मला कमिटीने सांगावं.

पण एवढं लिहूनही मूळ गोष्टीला मी हात घातलेला नाही.

सामोआची तुलना मला सोयीची होती, म्हणून मी केली. तिथे पेआ हा मानाचा. आमचे लोक सुवार्तेकडे आले ते महारवाड्यातून, मांगवाड्यातून. आमच्या बायकांच्या हातावरचं गोंदण पाहून पाणवठ्यावर ओळखायचे, कुठली आहे ती. माझी आजी उन्हाळ्यातसुद्धा कोपराखाली येणाऱ्या बाहीचं पोलकं घालायची. प्रभुभोजनाला जाताना बाही आणखी खाली ओढायची, ते मी तिच्याशेजारी बसून पाहिलंय. लहानपणी मला वाटायचं ती देवासमोर लाजते. मंडळीला गोंदणाची जी भीती आहे ती लेवीयमधून आलेली नाही. ती त्या बाहीतून आली आहे. आपण कुठून आलो ते पुन्हा कुणी कातडीवर वाचू नये. नर्सिंगला गेले, परदेशात आले, तेव्हा मीही तेच करत होते. इथल्या मराठी मंडळात आडनाव विचारलं की मी आधी चर्चचं सांगते, गावाचं मागून. त्या आजोबांसमोर मी मागे सरले तेही त्यामुळेच.

काल रात्री भाच्याचा मेसेज आला. त्याला पणजीच्या हातावरचं गोंदण कागदावर उतरवायचंय. मनगटावरची तुळस आणि पाच ठिपके त्याला घरच्या फोटोत दिसले. “आत्या, कोपराच्या वर काय होतं?”

मला माहीत नाही. शेकडो म्हाताऱ्यांची अंगं मी धुतली, तिचं नाही. २०११ साली ती गेली तेव्हा माझी रजा मंजूर झाली नव्हती. तिला शेवटची आंघोळ मंडळीतल्या चार बायकांनी घातली. त्यातल्या एकच आज हयात आहेत, ज्यांच्या मुलाने कमिटीत हा ठराव मांडला त्या. मी भाच्याला त्यांचं नाव कळवलंय. रविवारी दुपारी त्या घरीच असतात.