राजीखुशीने व अक्कलहुशारीने

गेल्या महिन्यात दादानं व्हॉट्सॲपवर एक मसुदा पाठवला. दोन पानांचं हक्कसोडपत्र. ‘लिहून देणार’ म्हणून आधी आईचं नाव, त्याखाली माझं. ‘लिहून घेणार’ म्हणून त्याचं. काटोलकडची संत्र्याची बाग आणि नागपुरात मानेवाड्याला बाबांनी बांधलेलं घर, या दोन्हींवरचा हक्क आम्ही मायलेकी ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता’ सोडत आहोत, असं त्यात लिहिलं होतं. सोबत व्हॉइस मेसेज: “म्युनिचले जाऊन दूतावासाचा शिक्का घेऊन मुखत्यारपत्र पाठवून देजो. बाकी मी पाहून घेतो.”

दादा वाईट माणूस नाही. बाबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या फेऱ्या त्यानं मारल्या, संत्र्याच्या आंबिया बहाराला पाणी कमी पडलं तेव्हा रात्र रात्र मोटरीपाशी तोच बसला. मी इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत होते. हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच मला हे लिहिणं जड जातं आहे.

पण त्या मसुद्यातली माझी राजीखुशी मला कोणी विचारलीच नव्हती. ती दस्तलेखकाच्या कॉम्प्युटरात आधीच टाइप केलेली असते. नाव आणि गट नंबर तेवढे बदलतात.

चार वर्षांपूर्वी आम्ही इथे छोटा फ्लॅट घेतला. जर्मनीत घराचा व्यवहार नोटरीसमोरच करावा लागतो, आणि नोटरीनं अख्खा दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा असा कायदा आहे. आमच्या नोटरीबाई तासभराहून जास्त वाचत होत्या. मध्येच थांबून विचारायच्या: या कलमाचा अर्थ कळला का? हप्ता चुकला तर काय होईल ते ठाऊक आहे का? सही करणाऱ्याची खरी इच्छा काय ते शोधणं, परिणाम समजावणं आणि अजाण माणसाचं नुकसान होणार नाही हे पाहणं, ही त्यांची कायद्यानं ठरवलेली जबाबदारी. वारसाहक्कातला हिस्सा आईवडिलांच्या हयातीतच सोडायचा असेल, तर तो करारही असाच नोटरीसमोर करावा लागतो.

आपल्याकडे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किंमत असलेल्या स्थावर मालमत्तेवरचा हक्क सोडायचा तर 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त नोंदवावा लागतो. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकानं मुख्यतः दोन गोष्टी पाहायच्या: सही करणारी व्यक्ती तीच आहे का, आणि सही आपली असल्याचं ती कबूल करते का. कशावर सही केली आणि का केली, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येत नाही. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, झालं. माझ्या आत्याचं हक्कसोडपत्र असंच झालं. परतताना तिला बर्डीच्या बाजारात साडी घेऊन दिली. तिच्या वाट्याला किती एकर जमीन येत होती, हे तिला आजही सांगता येत नाही. नंतर तिनं असा दस्त रद्द करायचं म्हटलं असतं, तर फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागला असता, आणि तो दावाही खरं कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

मी दादाला अजून उत्तर दिलं नाही, हे कळल्यावर आत्याचाच फोन आला. “हिस्सा घेशीन, पण माहेर तुटलं तं काय करशीन वं?” ती मनापासून बोलत होती. नागपुरातल्या माझ्या शाळेच्या मैत्रिणींचंही तेच. एकीनं सही केली, कारण दिवाळीला जायला दार उघडं हवं होतं. दुसरीनं हिस्सा मागितला, तर भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली नाही. दोघींनाही कायदा ठाऊक आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, जरी आधी लग्न झालेल्यांना वगळून; 2005 मध्ये तो देशभर झाला; आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की 2005 साली वडील हयात असण्याचीही गरज नाही. बाबांनी स्वतः बांधलेल्या घराबद्दल तर वादच नाही. मृत्युपत्र नाही, म्हणून आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा वाटा.

बाबासाहेबांनी बायकांना वारसाहक्क देणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. वारसा कायदा आला जून 1956 मध्ये, दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेच्या चार महिने आधी. ज्या शहरात दरवर्षी लाखो लोक त्या माणसापुढे नतमस्तक होतात, तिथेच त्यानं ज्याच्यासाठी खुर्ची सोडली तो हक्क बाया साडीवर सोडून देतात. मला हे बोचतं.

दादाचा एक मुद्दा मात्र खरा आहे. पाच एकराचे तुकडे केले तर बाग जगणार नाही. हा प्रश्न जर्मन शेतकऱ्यांनाही पडला. उत्तरेच्या काही राज्यांत आजही कायद्यानं शेत एकाच वारसाकडे जातं, बाकीच्या भावंडांना पैशांत मोबदला मिळतो, बाजारभावाहून बराच कमी. त्यात मुलग्याला मुलीआधी स्थान होतं. ते माझ्याच गावातल्या, कार्ल्सरूहेच्या घटना न्यायालयानं 1963 मध्ये समानतेविरुद्ध ठरवलं. जर्मनीला मी आदर्श म्हणत नाही. 1977 पर्यंत इथल्या बायकोनं नोकरी करायची तीसुद्धा घरकामाला बाधा येत नसेल तरच, असं कायद्यात लिहिलेलं होतं. पण शेत एका हातात ठेवायचं असेल तर दुसरीचं नाव गुपचूप पुसावं लागत नाही, एवढं त्यांच्याकडून घेता येईल. तिचा वाटा मोजायचा, आकडा सांगायचा, मग ठरवायचं: पैसे, दरवर्षी संत्र्याच्या उत्पन्नातला भाग, की काहीच नको.

आणि सोडणं म्हटलं की आपल्याकडे नेहमी बाईच का आठवते? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे केला. जमीन त्यांच्या नावावर होती, कोणी मागत नव्हतं, दिली नसती तरी त्यांचं घर तुटणार नव्हतं. त्या देण्याला मी स्वेच्छा म्हणेन. आत्याच्या सहीला तो शब्द लावायला माझी जीभ वळत नाही. तिला ‘नाही’ म्हणायची मुभाच नव्हती.

परवा दादाशी तास-दीड तास बोलले. मी त्याला सांगितलं, बाग तूच कर, मला त्यातून काही नको. घरातलाही माझा वाटा कदाचित तुलाच देईन, कारण बाबांचं सगळं तू केलंस. पण आधी वारस फेरफार होऊ दे. सातबाऱ्यावर आणि घराच्या कागदावर तिघांची नावं चढू दे. मग मी डिसेंबरमध्ये स्वतः येईन, मुखत्यारपत्र नाही, आणि दस्त आपण घरी मोठ्यानं वाचू, आकड्यांसकट.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “विश्वास नाही का तुले माझ्यावर?” मी म्हटलं, आहे, पण आईचं नाव त्या मसुद्यात का आहे, ते सांग. बहात्तर वर्षांची बाई स्वतःच्या घरावरचा हक्क सोडून राहणार कोणाच्या भरवशावर? त्याला हे सुचलंच नव्हतं. दस्तलेखकानं सांगितलं होतं, आई-बहीण दोघींची सही एकदमच घेऊन टाका.

आई बाजूलाच बसून ऐकत होती. तिनं फोन मागून घेतला. सातबाऱ्यावर बाबांच्या नावाला कंस होऊन ते कमी झाल्यावर खाली कोणाचं नाव येईल, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझं, दादाचं, माझं. “माझं बी?” ती म्हणाली. “पूर्ण नाव लिहितात का वं? का फक्त ‘विधवा’ म्हणून?”

पूर्ण लिहितात, आई. मी दादाला तलाठ्याकडे द्यायच्या अर्जात तुझं नाव स्वतः तपासून पाठवायला सांगितलं आहे.