‘घरोघरी नेट कॅन्सर’वाला मेसेज कृपया पुढे ढकलू नका

आमच्या गिरगावच्या फॅमिली ग्रुपवर कालपासून तिसऱ्यांदा आलाय: "न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हा नवीन कॅन्सर आहे, मोबाईल-मायक्रोवेव्हमुळे सहापट वाढला, आता घरोघरी सापडतो, स्वादुपिंडात निघाला की सहा महिने." यातलं सहापट तेवढं खरंय, बाकी सगळं चूक, म्हणून लिहितेय. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘नेट’) म्हणजे शरीरातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ.

नवीन? अहो, जर्मनीत ओबर्नडॉर्फरनी आतड्यातल्या या गाठींना ‘कार्सिनॉइड’ नाव दिलं ते 1907 साली, तेव्हा कुठला आलाय मायक्रोवेव्ह.

आता सहापट. अमेरिकेतल्या नोंदींत 1973 ला लाखामागे वर्षाला 1.09 नवे पेशंट होते, 2012 ला 6.98, पण हे फुप्फुसासकट सगळ्या अवयवांचं मिळून, पोट-आतडी-स्वादुपिंडाचे 3.56च, आणि सगळ्यात जास्त वाढ कुठली तर लहान, न पसरलेल्या गाठींची, म्हणजे बऱ्याचशा दुसऱ्याच कारणाने सीटी किंवा कोलोनोस्कोपी केली आणि सापडल्या अशा. आमच्या मामांचंच बघा, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि मग बायोप्सीच्या कागदावर खाली याच ट्यूमरची एक ओळ, ‘ग्रेड 1, केआय-67 2 टक्के’ (केआय-67 म्हणजे किती टक्के पेशी वाढतायत त्याचं माप), थोडक्यात हळू वाढणारी गाठ. गाठ 8 मिलिमीटरची, अपेंडिक्सबरोबरच निघून गेलेली! मामी मात्र तो कागद हातात धरून रात्रभर जागी.

मोबाईलमुळे होतो याला पुरावा नाही. काही घराण्यांत एमईएन-1 सारखा जनुकदोष असतो, ते वेगळं.

घरोघरी म्हणाल तर 2012 च्या त्याच नोंदींप्रमाणे आजार घेऊन जगणारे 0.048 टक्के, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. दादरला चढणारे थोडेच असले तरी उतरतच नाहीत म्हटल्यावर डबा भरत जाणारच ना, तसं आहे हे, दरवर्षी नवे कमी पण जगतात बरीच वर्षं म्हणून एकूण आकडा मोठा. मेसेजवाल्याने दोन्ही आकडे एकत्र कालवलेत.

आणि सहा महिने हे तर फार वाईट लिहिलंय. स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर वेगळा, हा वेगळा. स्टीव्ह जॉब्सना स्वादुपिंडातला हाच ट्यूमर 2003 ला कळला, ते गेले 2011 ला. इरफान खान न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर कळल्यावर दोनच वर्षांत गेले, खूप वाईट वाटलं, पण ग्रेड कोणती आणि पसरलाय किती यावर सगळं ठरतं, एका माणसावरून नाही.

मामा याच ग्रुपवर आहेत. ज्यांनी टाकलाय त्यांनी आत्ताच डिलीट करा, प्लीज.