“इम्पाला सांगून बेल एअर पाठवली” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला आणि दोन दिवस थांबून उत्तर लिहितोय, कारण वाचल्या वाचल्या लिहिलं असतं तर रागात लिहिलं गेलं असतं. मुलाच्या वरातीला इथे अमेरिकेत आमची 1958 ची शेवरले (इम्पाला आणि बेल एअर ही दोन्ही याच कंपनीच्या गाड्यांची नावं) तुम्ही भाड्याने घेतली होती. तुमच्या तक्रारी अशा: इम्पाला म्हणून बेल एअर दिली, 409 घन इंचाचं इंजिन सांगितलं आणि निघालं 348 चं, गाडी हॉलच्या दारात तापून बंद पडली, एसी नव्हता, नातवाला आत बसू दिलं नाही, आणि शेवटी “एअरपोर्टवर भाड्याने मिळणाऱ्या गाडीच्या नावाचं एवढं कसलं कौतुक”.

आधी जिथे आमची चूक आहे ते बोलतो. गाडी बंद पडली, 35 मिनिटं नवरदेव उन्हात उभा राहिला, ढोल-ताशावाले थांबून राहिले, याची माफी मागतो, मनापासून. झालं असं की वरात पायी चालणाऱ्यांच्या वेगाने सरकत होती आणि या गाडीचा फॅन इंजिनच्याच जोरावर फिरतो, इंजिन हळू तर फॅन पण हळू, रेडिएटरला वारा मिळत नाही. वर ऊन, आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ते लवकर उकळतं, पाइपात वाफ धरते आणि पंप नुसताच फिरत राहतो. हे मला माहीत असायला हवं होतं, नव्हे माहीत होतं, तरी मी वरातीच्या स्पीडवर आधी ट्रायल घेतली नाही. आता रेडिएटरपुढे जास्तीचा इलेक्ट्रिक फॅन बसवलाय. तुमचं अर्ध भाडं मंगळवारी परत पाठवलंय, बघून घ्या.

एसीचं, तेव्हा कंपनी एसी द्यायची पण तो महागडा ऑप्शन होता, आमच्या गाडीला कधीच नव्हता. बुकिंगच्या पानावर ते लिहिलेलं आहे पण फार खाली, आता वर आणलंय.

आता बेल एअरचं. काका, तुम्ही कागदावर ‘बेल एअर’ वाचलंत ते बरोबर वाचलंत. आणि गाडी इम्पालाच आहे, हे पण तितकंच खरं. 1958 ला इम्पाला ही स्वतंत्र मालिका नव्हतीच, ती बेल एअर मालिकेतली सगळ्यात वरची गाडी होती, बेल एअर इम्पाला. नाव त्याआधी 1956 च्या मोटोरामा या गाड्यांच्या प्रदर्शनात एका शो कारला दिलं होतं, कॉर्व्हेट इम्पाला, आफ्रिकेतल्या त्या उड्या मारणाऱ्या हरणावरून. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्स, म्हणजे जीएम, हिला 50 वर्षं होत होती आणि 1958 ला ते नाव रस्त्यावरच्या गाडीला मिळालं, फक्त दोन प्रकारात, दोन दारांची पक्क्या छताची हार्डटॉप कूपे आणि छत उघडणारी कन्व्हर्टिबल. चार दारांची 58 ची इम्पाला तुम्हाला कोणी दाखवली तर तिथे मात्र फसवणूक समजा, तशी बनलीच नाही. इम्पाला स्वतंत्र मालिका झाली 1959 पासून.

ओळखायचं कसं तर बिल्ल्यावर जाऊ नका, बिल्ला कोणीही चिकटवू शकतो. मागे जाऊन उभे राहा आणि दिवे मोजा. इम्पालाला प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे, मिळून सहा, आणि त्या वर्षीच्या साध्या बेल एअरला दोन-दोन. मग मागच्या काचेच्या वर छताला ती खोटी हवेची जाळी बघा, मागच्या चाकांच्या पुढे क्रोमचे खोटे स्कूप, म्हणजे हवा आत घ्यायची तोंडं, बघा. छत पण छोटं आणि डिकी लांब, तो पत्राच वेगळा दाबलेला आहे, नंतर जोडता येत नाही. तुमच्या मुलाने गाडीमागे उभं राहून काढलेला फोटो तुम्हीच रिव्ह्यूला लावलाय, त्यात सहाही दिवे दिसतात.

तुम्ही लिहिलंय की लहानपणी गिरगावात पाहिलेली इम्पाला अशी नव्हती, तिला मागे आडवे पसरलेले पंख होते आणि मांजरीच्या डोळ्यांसारखे दिवे. तुमची आठवण एकदम पक्की आहे काका, ते वाचून मला खरंच भरून आलं, माझे वडील पण त्याच गाडीचं असंच वर्णन करायचे. ती 1959 ची. एका वर्षात गाडी इतकी कशी बदलली याचं कारण आहे. 57 च्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या, प्लिमथ वगैरे, खूप बुटक्या आणि उंच पंखांच्या येतायत हे जीएमच्या डिझायनर लोकांना कळलं आणि आपल्या गाड्या त्यांच्यापुढे जाड दिसतील म्हणून धास्ती बसली. मग 58 ची बॉडी एका वर्षात मोडीत काढली आणि 59 ला सगळं नवीन, ते पण ब्युइक, पॉन्टियाक, ओल्ड्समोबिलशी बॉडीचा सांगाडा वाटून घेऊन. म्हणून 58 ही तिच्या घरात एकटीच आहे, तिच्यासारखी ना आधीची ना नंतरची. मंदीचं वर्ष होतं तरी इम्पाला 1 लाख 80 हजारांच्या वर बनल्या, आणि त्या वर्षी शेवरलेने फोर्डकडून पहिला नंबर परत घेतला.

409 चा घोळ माझ्या बोलण्यामुळे झाला. ताशाच्या आवाजात मी 409 ची गोष्ट सांगत होतो आणि ती याच गाडीची आहे असं तुम्हाला वाटलं, साहजिक आहे. 409 घन इंचाचं इंजिन आलं 1961 ला, त्याच वर्षी सुपर स्पोर्ट म्हणजे एसएस पॅकेज पण आलं. पहिल्या वर्षी एसएस फक्त 453 बनल्या आणि त्यातल्या 142 मध्येच 409 होतं. आमच्या गाडीत 348 आहे, 5.7 लिटरचं, आणि ते 58 मध्येच पहिल्यांदा आलं, 409 त्याच्याच घराण्यातलं पुढचं. मी 348 ला 409 म्हणून कधी विकलं नाही, विकणार पण नाही. या धंद्यात तसं करणारे आहेत आणि त्यांच्यामुळे तुमच्यासारख्या माणसाला संशय येतो, त्याचा मला जास्त त्रास होतो. 62-63 ला एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज होतं, कंपनीने गाडीवर कोरलेल्या नंबरात (रस्त्याच्या नंबर प्लेटचा नव्हे) त्याची खूणच नाही, त्यामुळे नकली एसएस भरपूर फिरतात. 64 ला वेगळी मालिका केली तेव्हापासून नंबरावरून कळतं.

नातवाचं, इथे मी माफी मागणार नाही. राग आला असेल, पोरगं रडलं, मला पण वाईट वाटलं. पण या गाडीला मागे बेल्ट नाही, पुढे आम्ही कमरेचे बेल्ट बसवलेत तेवढेच, आणि खालची फ्रेम इंग्रजी एक्स अक्षरासारखी आहे, मधे बारीक, दोन्ही बाजूंना दाराखाली आडवा रूळ नाही. त्यामुळे गाडी एवढी बुटकी आणि देखणी झाली, पाय खाली खोल जातात (काकूंना मधे बसल्यावर पायाखाली उंचवटा लागला ना, तो यामुळेच), पण बाजूने कोणी धडकलं तर अडवायला फारसं काही नाही. समोरून धडक बसली तर काय होतं ते 2009 मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने दाखवलं, 1959 ची बेल एअर आणि 2009 ची मालिबू ताशी 40 मैलांवर समोरासमोर आदळवली. जुन्या गाडीत ड्रायव्हरची जागाच चेपून गेली, माणूस वाचला नसता, नवीन गाडीतला पायाच्या दुखापतीवर सुटला असता. 59 च्या खाली पण तीच एक्स फ्रेम. तो व्हिडिओ पाहिल्यापासून मी लहान मूल या गाडीत बसवत नाही, आजोबा समोर असले तरी नाही.

आणि ते एअरपोर्टवाल्या गाडीचं वाक्य. ते सगळ्यात जास्त लागलं. 1965 ला एका वर्षात 10 लाखांच्या वर इम्पाला विकल्या गेल्या, एका मॉडेलच्या, कल्पना करा. कारखान्यात काम करणाऱ्याला, शाळामास्तरला परवडेल अशी ही मोठी गाडी होती, जीएमच्याच महागड्या कॅडिलॅकसारखी दिसायची आणि किंमत शेवरलेची. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन पोरांनी जुन्या इम्पाला घेतल्या, हायड्रॉलिक बसवून जमिनीला टेकवल्या, रंगवल्या, आणि त्यातून लोरायडरची, म्हणजे अशा जमिनीलगत सजवलेल्या गाड्यांची, अख्खी संस्कृती उभी राहिली, 64 ची इम्पाला तर त्यांच्यासाठी देवघरातल्या मूर्तीसारखी. गुलाबांची चित्रं काढलेली ‘जिप्सी रोज’ ही 64 चीच इम्पाला, ती 2017 मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली.

पुढे उतार लागला हे खरं. 65 लाच कॅप्रिस आली इम्पालाचंच महागडं पॅकेज म्हणून आणि पुढच्या वर्षीपासून वरची जागा तिने घेतली, मग तेलाचं संकट, 77 ला गाडी लहान केली, 85 नंतर नाव बंद. 94 ते 96 तीन वर्षं एसएस म्हणून परत आली. 2000 पासूनची पुढच्या चाकांवर चालणारी, ती तुम्ही एअरपोर्टवर घेतलेली. शेवटची 27 फेब्रुवारी 2020 ला डेट्रॉइट-हॅमट्रॅमकच्या कारखान्यातून बाहेर पडली, आमच्या गॅरेजपासून अर्ध्या तासावर. मी त्या दिवशी 58 काढून त्या रस्त्याने एक चक्कर मारून आलो होतो.

काका, रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, गाडी बंद पडली ते लिहिलेलं राहू दे, पुढच्या माणसाला कळायला हवं. फक्त ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा बदला ही विनंती. शनिवारी दुपारी मी गॅरेजवर असतो. या, गाडीचे सगळे कागद आणि पत्र्यावरची प्लेट समोर ठेवतो, आणि एका गिऱ्हाइकाची 59 कार्ब्युरेटरच्या कामासाठी आलीय, गिरगावातली तुमची ती मांजरीच्या डोळ्यांची, ती पण बघून घ्या. नातवाला आणा, उभ्या गाडीत स्टिअरिंगवर बसवू.