दशमांशाचं पाकीट आणि पंगतीतला पेत्र

पुण्यातल्या क्वार्टर गेटजवळचा कट्टा, संध्याकाळचा कटिंग. मंडळी चौघंच: खजिनदारकाका, संडेस्कूलचे मास्तर, बँकेतली ताई आणि सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकणारा पोरगा. वाद पेटला तो चर्चला द्यायच्या दशमांशाच्या, म्हणजे कमाईतल्या दहाव्या हिश्श्याच्या, पाकिटावरून. काकांचं म्हणणं सरळ होतं. कमावत्या माणसानं दहा टक्के द्यायलाच हवेत, आणि जो देत नाही त्याचं नाव थकबाकीच्या यादीत लागलं पाहिजे.

"बायबलात मलाखी ३:१०. सगळा दशमांश भांडारात आणा. त्याच्या दोन ओळी आधी देव विचारतो, मला ठकवता का? आता यात बोलायला जागा कुठं आहे?"

"भांडार या शब्दातच आहे," मास्तर म्हणाले. "ते भांडार म्हणजे मंदिरातली धान्याची कोठी. नहेम्याचा तेरावा अध्याय काढा. लेवी म्हणजे मंदिराची सेवा करणारा वंश. लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना, तेव्हा ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. बाकीच्या वंशांना जमीन मिळाली होती, लेव्यांना नाही, म्हणून दशमांश हाच त्यांचा वाटा. आपल्या पाळकांना पगार आहे, पीएफ आहे. लेवी म्हणून दशमांश मागायचा तर गणनेच्या अठराव्या अध्यायातली दुसरी बाजूही घ्या: शंभर पोत्यांतली दहा लेव्यांना, आणि त्या दहातलं एक लेव्यांनी याजकांना. म्हणजे घेणाऱ्यालाही दशमांश लागू."

पोरगा मध्ये पडला. "आणि आकडा तरी दहाचाच कुठं राहतो? अनुवाद नावाच्या पुस्तकात, १४ व्या अध्यायात, आणखी एक दशमांश येतो. तो देवानं निवडलेल्या ठिकाणी नेऊन घरच्यांबरोबर खायचा. ठिकाण लांब असेल तर माल विकायचा, पैसे गाठीला बांधून जायचं, आणि तिथं बैल, मेंढरं, द्राक्षारस, मनाला येईल ते घेऊन देवापुढं आनंद करायचा. दर तिसऱ्या वर्षीचा मात्र गावातच ठेवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवांसाठी. यहूदी गुरूंनी हिशोब बसवला तो असा: शंभरातले दहा लेव्यांना, उरलेल्या नव्वदातले नऊ दुसऱ्या दशमांशाचे. झाले एकोणीस. सातव्या वर्षी जमीन पडीक, म्हणून काहीच नाही. काका, मोशेचं नियमशास्त्रच लावायचं तर यादी एकोणीस टक्क्यांची लावा, आणि सातव्या वर्षी पाकिटं छापू नका."

काका हसले, पण हलले नाहीत. आणि त्यांचा पुढचा मुद्दा खरंच जड होता. अब्राहामानं मलकीसदेक या याजक राजाला दहावा हिस्सा दिला तेव्हा नियमशास्त्र आलंच नव्हतं. शिवाय पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाला, प्रभू येशूनं 'देऊ नका' म्हटलं नाही. न्याय, दया, विश्वास सांभाळा आणि तेही सोडू नका, असं म्हटलं. मत्तय २३:२३.

यावर मास्तरांनी उत्तर दिलं ते मला पटलं, पण काकांचा मुद्दा त्यानं पार निकालात निघाला असं मी म्हणणार नाही. अब्राहामाचा तो हिस्सा लढाईच्या लुटीतला होता, आणि त्यानं तसं एकदाच दिल्याचा उल्लेख आहे. परूश्यांशी ते बोलणं झालं तेव्हा मंदिर उभं होतं, लेवी सेवेत होते, वधस्तंभ अजून पुढं होता. पुढं अन्यजातींच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, मंडळ्यांना प्रेषित पौल पत्रांतून देण्याबद्दल दोन-दोन अध्याय लिहितो, पण दहाचा आकडा एकदाही घालत नाही. १ करिंथ १६:२ मध्ये सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या कमाईच्या मानानं बाजूला काढून ठेवावं. २ करिंथ ९:७ मध्ये, मनात ठरवल्याप्रमाणं द्यावं, कुरकुरत नाही की सक्तीनं नाही. शेत विकून थोडा पैसा लपवणाऱ्या हनन्याला तर पेत्रानं स्पष्ट सांगितलं होतं की शेत विकण्याआधी तुझंच होतं आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. त्याचा गुन्हा कमी देण्याचा नव्हता, खोटं बोलण्याचा होता.

"मग सक्ती आली कुठून?" ताईनं विचारलं.

"परंपरेतून," पोरगा म्हणाला. "इसवी सन ५८५ मध्ये फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेनं दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची तंबी दिली. इंग्लंडमध्ये तर त्याचा कायदाच होता, तो आकार १९३६ साली रद्द झाला, आणि त्याच्या बदल्यातले हप्ते १९७७ पर्यंत चालले."

ताईचा मुद्दा या सगळ्यापेक्षा साधा होता आणि मला तोच जास्त बोचला. पगार चाळीस हजार, कापून हातात पस्तीस. मग पाकिटात चार हजार घालायचे की साडेतीन? बोनसचे घालायचे का? एफडीच्या व्याजाचे? लेवीय २७ मध्ये निदान पद्धत ठरलेली होती. जनावरं काठीखालून एकेक जाऊ द्यायची, दहावं येईल ते देवाचं, चांगलं की वाईट बघायचं नाही. अदलाबदल केलीत तर दोन्ही गेली. नऊच कोकरं असतील तर दहावं येतच नाही. "पगाराला काठी नाही, म्हणून माणूस स्वतःच काठी धरतो आणि स्वतःच पळवाट काढतो. पाचशे रुपये कमी घातल्यावर वाटणारी टोचणी आणि चार हजार घातल्यावरचा माज, दोन्ही त्याच काठीची पिल्लं. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला साडेतीन जड, आणि ज्याचे तीन फ्लॅट भाड्यानं आहेत तो दहा टक्क्यांत सुटला."

आता काका चिडले. "नियम सोडून सगळे देवाच्या कृपेखाली गेलात तर दानाची प्लेट रिकामी जाते, हे कोण बघणार? स्वातंत्र्य म्हणता आणि शंभराची नोट टाकता!"

हे खरं आहे. गलतीकरांना लिहिलेल्या पौलाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचणारे पहिल्या वचनावर थांबतात: ख्रिस्तानं मोकळं केलंय, पुन्हा दास्याच्या जुवाखाली जाऊ नका. तेराव्यापर्यंत जातच नाहीत. तिथं पौल म्हणतो, हे स्वातंत्र्य देहाला मोकळीक म्हणून वापरू नका, प्रीतीनं एकमेकांची सेवा करा. फुकट मिळालेली कृपा हातात धरून कंजुषी करणाऱ्याला पौलाचा आधार नाही.

पण यादी? तिथं मास्तर गलती २ वर आले. अंत्युखिया शहरात पेत्र अन्यजातींच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमहून याकोबाकडची यहूदी माणसं आली आणि तो हळूहळू उठून वेगळा बसू लागला. त्याला पाहून बाकीचे यहूदी उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पेत्रानं कुठलाही सिद्धांत बदलला नव्हता, फक्त पाट बदलला. तरी पौलानं सर्वांसमोर त्याला अडवलं, कारण पंक्तिभेदातून जे सांगितलं जात होतं ते असं: ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा नाही, वर आणखी काहीतरी लागतं.

"पुण्याला हे समजावायला नको," मास्तर म्हणाले. "पंचहौदचा चहा १८९० चा. ख्रिस्ती मिशनमध्ये हिंदू पुढाऱ्यांचा चहा झाला, त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, आणि रानडे-टिळकांपर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न गेला. नावांची यादी लावली की काय होतं ते इथून चालत जाण्याइतक्या अंतरावर घडलंय. काका, तुमची थकबाकीची यादी तीच."

ताईनं पंडिता रमाबाईंची आठवण काढली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टरांनी चर्चच्या अधिकारापुढं मान तुकवायला सांगितली तेव्हा पत्रातून साफ कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जू नुकतंच काढलंय, दुसरं घेणार नाही. गलती ५:१ मधलं जू ते हेच.

काकांनी यादी रद्द करायचं कबूल केलं. पाकिटावरचा 'दशमांश' हा शब्द काढायला मात्र तयार झाले नाहीत. "शब्द राहू दे. ज्याला शिस्त हवी त्यानं स्वतःपुरती दहाची ठेवावी. पौलानं शिस्तीला मनाई केलेली नाही."

मास्तर म्हणाले, "ठीक. मग तिसऱ्या वर्षीचाही लावा. वर्षाच्या बजेटमध्ये काय काय आहे?"

काका बोटांवर मोजू लागले. पगार, लाइटबिल, रंगरंगोटी, माइक सिस्टिम, नाताळची रोषणाई, कन्व्हेन्शनचा मंडप.

"आणि विधवा, अनाथ?"

"त्याचं वेगळं हेड नाहीये," काका म्हणाले, आणि करंगळी तशीच दुमडायची राहिली.