पाच गोल खाल्ले, आणि वर म्हणे "टॉप सिक्समध्ये तर आलो ना!"

यंदा पाडव्याला वेगळा कडुलिंब खायची गरज नाही. शनिवारी, २९ मार्च २०२५ च्या रात्री, बंगळुरूने तो मुंबईतल्या समस्त फुटबॉलवेड्यांना वाटून दिलाय, गूळ न घालता. बंगळुरू एफसी ५, मुंबई सिटी ०. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगची प्लेऑफची मॅच, एकाच लेगची, हरलात की घरी. आपण घरी.

त्यातही नशीब बघा. त्याच रात्री अहमदाबादला मुंबई इंडियन्स ३६ धावांनी हरली. त्यामुळे सकाळपासून जो भेटतो तो "काय रे, हरली ना मुंबई!" म्हणतो, मी तावातावाने मिडफिल्डवर घसरतो आणि समोरचा तोवर हार्दिकच्या बोलिंगवर पोचलेला असतो. या शहरातली फुटबॉलची टीम पाच गोल खाऊन येते आणि तिला शिव्या घालायलाही जोडीदार मिळत नाही. म्हणून मग इथे ओकतोय.

हरण्याचं दुःख नाही, हे आधीच सांगतो. २०२३ च्या सेमीफायनलमध्ये याच बंगळुरूने आपल्याला पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ ने काढलं होतं. तेव्हाही झोप लागली नव्हती, पण राग नव्हता. पोरं जिवाच्या आकांताने खेळली होती, शेवटच्या किकपर्यंत. तसं हरलं तर माणूस टाळ्या वाजवतो. शनिवारी टाळ्या कशाला वाजवायच्या?

आता तारखा बघा, म्हणजे डोकं का फिरलंय ते कळेल. ११ मार्चला, याच कांतीरवा स्टेडियमवर, याच बंगळुरूला आपण २-० ने हरवलं. छांगटेचा आठव्या मिनिटाला गोल, मग करेलिसची पेनल्टी. लीगमधली शेवटची मॅच, आपल्याला पुढे जायला एक गुण पुरेसा होता, आपण तीन घेऊन आलो. सहावा नंबर पक्का. आणि १८ दिवसांनी त्याच मैदानात, त्याच टीमसमोर पाच शून्य! अठरा दिवसांत माणूस फुटबॉल विसरतो का? नाही विसरत. समोरचा शिकतो. ११ मार्चच्या रात्री त्यांचा कोच गेरार्ड सारागोसा काय करत असेल याचा मला अंदाज आहे. ती मॅच पुन्हा पुन्हा लावून बसला असेल, आपण कुठून घुसलो, कोणाला मोकळं सोडलं, सगळं टिपून घेत. आणि आपल्याकडे? आपल्याकडे बहुतेक पेढे.

आपल्या कोचला हे कळायला हवं होतं असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. हाच खेळ आपल्या पेत्र क्रॅट्कीने स्वतः खेळून दाखवलाय. गेल्या वर्षी, १५ एप्रिल २०२४, कोलकाता, सॉल्ट लेक. शिल्डसाठी, म्हणजे लीगमध्ये पहिलं येणाऱ्याच्या ट्रॉफीसाठी, बरोबरी पुरत होती, मोहन बागानने २-१ ने हरवलं आणि शिल्ड हातातून गेली. ४७ गुण आपले, ४८ त्यांचे. मग १९ दिवसांनी, ४ मेला, त्याच मैदानात, त्याच टीमसमोर फायनल. पहिला गोल त्यांनी केला, तरी ३-१ ने कप आपण उचलला, त्यांच्याच लोकांसमोर. तेव्हा या कोचचं कौतुक करताना माझा घसा बसला होता. हरलेली मॅच उलगडून बघितली, चुका शोधल्या, तीन आठवड्यांच्या आत टीम बदलून आणली. म्हणजे हरलेला माणूस किती धोकादायक असतो हे भारतात या माणसाइतकं कोणाला माहीत असायला हवं? आणि तोच माणूस यंदा जिंकलेल्याच्या खुर्चीत बसला आणि समोरून तेच औषध येतंय हे त्याला दिसलं नाही! ही चूक मला पचत नाहीये. नवख्याने केली असती तर सोडून दिली असती.

तर शनिवारी, नवव्या मिनिटाला सुरेश सिंगचा गोल. ठीक आहे, लवकर गोल पडतो, ऐंशी मिनिटं शिल्लक आहेत. ४२ व्या मिनिटाला पेनल्टी, एडगर मेंडेझ, २-०. हाफटाइम. आता सांगा, हाफटाइम कशासाठी असतो? पंधरा मिनिटं मिळतात, फळा आहे, खडू आहे, बेंचवर माणसं बसलीयेत. दोन गोल मागे आहोत, दुसरा लेग नाही, हरलो तर सुट्टी. म्हणजे जे काही बदलायचं ते आत्ताच. मी घरी पाय चोळत बसलो होतो की आता काहीतरी वेगळं दिसेल. एखादा वेडा जुगार. एक डिफेंडर काढा, दोन स्ट्रायकर टाका, ३-० ने हरलो तरी चालेल, पण काहीतरी करा! टीम बाहेर आली आणि पहिल्या हाफसारखीच चालायला लागली. हो, चालायला. ६२ व्या मिनिटाला रायन विल्यम्स, ७६ व्या मिनिटाला छेत्री, ८३ व्या मिनिटाला पेरेरा डियाझ. दुसऱ्या हाफमध्ये पहिल्यापेक्षा जास्त खाल्ले! पंधरा मिनिटं बोलून टीम जर आधीपेक्षा वाईट होत असेल तर पुढच्या वेळी आत जाऊच नका, मैदानातच लिंबूपाणी प्या.

आणि गोल करणारी नावं परत वाचा. छेत्री. चाळीस वर्षांचा माणूस, निवृत्तीतून परत येऊन याच महिन्यात मालदीवविरुद्ध भारतासाठी गोल करून आलाय. एकेकाळी आपल्याच जर्सीत खेळला, २०१५ मध्ये आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक मुंबईसाठी मारली. चला, ते जुनं झालं, तो तेव्हाही बंगळुरूचाच होता. पण डियाझ? जेमतेम अकरा महिन्यांपूर्वी सॉल्ट लेकवरच्या फायनलमध्ये बरोबरीचा गोल त्याने केला होता, आपल्यासाठी. त्या फायनलनंतर डियाझ गेला बंगळुरूला. नोगेरा गेला बंगळुरूला. कॅप्टन राहुल भेके, मुंबईचा पोरगा, २०२२ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध ज्याच्या हेडरने भारतीय क्लबचा पहिला विजय आला, तोही बंगळुरूला. अपुइया मोहन बागानला, आणि यंदाची शिल्ड कोणी जिंकली? मोहन बागानने. चॅम्पियन टीमचा कणा काढून दोघांनी वाटून घेतला, आणि आपण "रीबिल्डिंग" म्हणत बसलो. गेल्या मोसमात २२ मॅचमध्ये ४७ गुण. यंदा २४ मॅचमध्ये ३६. याला रीबिल्डिंग म्हणतात होय?

खेळाडू विकणं-सोडणं हे सगळं कोचच्या हातात नसतं, मला मान्य आहे. पैशांची गणितं असतात, करार संपतात, पोरांनाही पुढे जायचं असतं. पण मग निदान हे तरी माहीत असेल ना, की समोर उभा असलेला डियाझ कुठे पळतो, कुठल्या पायाने मारतो? त्याला रोज ट्रेनिंगला तुम्हीच बघत होतात! त्याला ८३ व्या मिनिटाला गोल करायला मोकळा सोडायचा म्हणजे हद्द झाली.

आता आपल्या पंडितांकडे येऊ. आमच्या ग्रुपवर रात्री पावणेदहापासून पोस्टमॉर्टेम सुरू आहे. एक दादा आहेत, प्रत्येक गोलचा स्क्रीनशॉट काढतात, त्यावर मोबाइलवर बोटाने लाल बाण काढतात, एका बिचाऱ्या डिफेंडरभोवती पिवळा गोल करतात आणि खाली लिहितात, "हा इथे काय करतोय?" पाच गोल, पाच स्क्रीनशॉट, आणि दर वेळी पिवळ्या गोलात वेगळा माणूस. अहो दादा, पाच वेळा पाच वेगवेगळी माणसं चुकीच्या जागी उभी असतील तर चूक त्या माणसांची की त्यांना तिथे उभं करणाऱ्याची? हे विचारलं तर म्हणाले, "तू भावनेच्या भरात बोलतोयस." पाच गोल खाल्ल्यावर कशाच्या भरात बोलू?

दुसरी जमात रेफरीवाली. पेनल्टी होती की नव्हती यावर शंभर मेसेज. समजा नव्हती. समजा तो गोल खोडला. मग चार-शून्य. जिंकलो का?

तिसरी जमात सगळ्यात घातक, समाधानी लोकांची. "टॉप सिक्समध्ये तर आलो ना भावा, ओडिशाला विचार, त्यांना तेही जमलं नाही." ओडिशाला का विचारू? मी काय ओडिशाचा फॅन आहे? टेबल बघा जरा. तिसऱ्या नंबरच्या बंगळुरूचे ३८ गुण, सहाव्या नंबरवर आपले ३६. दोन गुण! अख्ख्या मोसमात कुठेतरी दोन बरोबऱ्या जिंकता आल्या असत्या तर प्लेऑफची मॅच अंधेरीला झाली असती, आपल्या मैदानात, आपल्या ढोलासमोर. यंदाचा नियमच होता की तिसरा-चौथा नंबर घरी खेळणार, पाचवा-सहावा प्रवास करणार. मोसमभर घरच्या मैदानावर टाकलेल्या गुणांची वसुली अशी एका रात्रीत होते. तेव्हा हेच समाधानी लोक म्हणत होते, "एक पॉइंट तर मिळाला ना." मिळाला, घ्या.

कोचला काढा म्हणणाऱ्यांत मी नाही. दर हारीनंतर कोच बदलणाऱ्या क्लबांचं काय होतं ते आयएसएलमध्ये दरवर्षी दिसतं. माझं म्हणणं इतकंच की त्याने येऊन सरळ सांगावं, त्या अठरा दिवसांत काय तयारी केली होती. ट्रेनिंगला काय बघितलं, बंगळुरू काय बदलेल असं वाटलं होतं, नवव्या मिनिटानंतर प्लॅन बी काय होता. "पोरांचा अभिमान आहे" नको, "यातून शिकू" तर अजिबात नको, कारण शिकायची मुदत २९ मार्चला संध्याकाळी साडेसातला संपली होती.

पुढच्या महिन्यात, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये, भुवनेश्वरला सुपर कप आहे, ती वेगळी स्पर्धा. हे लिहीपर्यंत ग्रुपवर त्या समाधानी काकांनी कपाचा इमोजी टाकून "आता सुपर कप आपलाच" असं लिहिलंय, आणि खाली सतरा लोकांनी अंगठे दाखवलेत. ग्रुप म्यूट केलाय. एक वर्षासाठीचा पर्याय होता, तोच दाबला.