चोक दिलात का?

आमच्या मोटरसायकलीला थंडी सोसत नाही. एरवी तिची काही तक्रार नसते. दुपारी बटणाला नुसता अंगठा लावला की सुरू. पण रात्रभर पार्किंगमध्ये गारठली, की सकाळी तिला या जगात परत आणणं महाकठीण. सेल्फ मारला की ‘खर्र... खर्र... खट्’ एवढंच बोलते आणि गप्प बसते. मग किक.

किकचा आवाज पार्किंगभर घुमतो आणि त्या आवाजाला माणसं जमतात. चालत्या गाडीवरून जाताना जो आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही, तो बंद गाडीपाशी मात्र थांबल्याशिवाय पुढे जात नाही. पहिला प्रश्न ठरलेला, “चोक दिलात का?” दिलेलाच असतो. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा तो लीव्हर पूर्ण ओढलेला समोर दिसत असतो. तरी विचारणारे गृहस्थ वाकतात, तो आत ढकलतात, पुन्हा ओढतात आणि “आता मारा” म्हणतात. माझ्या हाताला गुण नाही, असा त्यांचा समज असावा.

या जमावात पंथ आहेत. बॅटरीपंथ सगळ्यांत जुना. त्यांचं तत्त्वज्ञान चुकीचं नाही, हीच पंचाईत आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणजे तिचा जोर कमी होतो. नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे ते फिरवायला जोर जास्त लागतो. गरज वाढली की पुरवठा घटणार, हा नियम मला इतरत्रही भेटलेला आहे. मी बॅटरी चार्ज करून आणली, मीटर लावला. १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. “मीटरवर जाऊ नका हो,” पंथप्रमुख काका म्हणाले. बरं, बॅटरी मेलेली असेल तर सेल्फ फिरणार नाही, पण किक तर पायाने मारतोय ना? यावर काकांनी घड्याळात पाहिलं आणि त्यांना उशीर झाला.

प्लगपंथी कमी बोलतात, पण पाना बरोबर बाळगतात. त्यांनी प्लग काढला, फुंकला, कपड्याने पुसला, फटीत ०.७ मिलिमीटरची पट्टी सरकवून बघितली, मग इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारायला लावली. टकटकीत निळी ठिणगी! पंथ हिरमुसला. पण एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली आणि सोडून दिली: इतक्या किका मारूनही प्लग कोरडा ठणठणीत होता. गाडी ‘ओव्हर’ झाली असती तर तो पेट्रोलने न्हालेला निघाला असता.

कोरडा प्लग म्हटल्यावर पेट्रोलपंथाला जोर आला. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची खालची वाटी काढली गेली, स्लो जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीकशा भोकात, हवा मारली गेली, “कचरा आलाय” असं जाहीर झालं. कचरा मात्र कोणाला दिसला नाही. तो फार सूक्ष्म होता म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जशीच्या तशी थंड.

दरम्यान धक्का द्यायला आलेल्या एका विद्वानाने माझं सांत्वन केलं. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ १९१२ साली कॅडिलॅकमध्ये बसला. त्याआधी लोक गाडीच्या पुढ्यात उभे राहून हँडल फिरवत, आणि इंजिनाने उलटा फटका दिला की हात मोडून घेत. “तुमचं तर नुसतं पोटरीवर भागतंय,” तो म्हणाला. सेकंड गिअर टाकून, क्लच धरून मी पळत होतो. उत्तर द्यायला दम नव्हता.

मेकॅनिककडे जावं, तर तिथली गंमत वेगळीच. डॉक्टरच्या दारात पोचताच ताप उतरावा तसं व्हायचं. पेट्रोल पातळ असताना पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंड इंजिनात वाफ नीट होत नाही, म्हणून तेव्हा हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडावं लागतं, आणि चोकचं काम तेवढंच. इंजिन एकदा तापलं की ते स्वतःच पेट्रोलची वाफ करतं, त्याला चोकचे उपकार नकोत. आता मेकॅनिककडे गाडी न्यायची म्हणजे ती चालवत न्यायची, म्हणजे तापवत न्यायची. त्याने बोट लावलं की सुरू. “काय झालंय हिला? मस्त आहे की!” मी थंडपणाचं वर्णन करायला लागलो की तो माझ्याकडेच काळजीने बघायचा.

शेवटी गाडी रात्रभर त्याच्याकडेच ठेवली आणि सकाळी मुद्दाम बघायला गेलो. पहिल्या काही किका त्याने माझ्याकडे हसून मारल्या. मग हसणं थांबलं. मग स्वेटर निघाला. मग गाडीला उद्देशून काही शब्द निघाले. दुसऱ्याचा घाम बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

घाम पुसून तो खाली बसला आणि पोऱ्याला म्हणाला, “लीव्हर ओढ.” पोऱ्याने ओढला. वर लीव्हर ऐटीत बाहेर आला; खाली कार्बोरेटरपाशी काहीही हललं नाही. केबलच्या आवरणाआड आतली तार तुटलेली होती. पार्किंगमधल्या इतक्या लोकांनी इतक्या आत्मविश्वासाने जो चोक ओढला, त्याची बातमी इंजिनापर्यंत पोचतच नव्हती.

नवी केबल पडली आणि गाडी भर थंडीत अर्ध्या किकमध्ये सुरू व्हायला लागली. पेट्रोलपंथाच्या मते जेटचा गुण जरा उशिरा येतो. प्लगपंथ नुसता सूचक हसतो. तुटलेली तार मी पुरावा म्हणून खिशात ठेवली होती, ती काकांना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली आणि मला परत देत म्हणाले, “बॅटरी वीक असली की तारेवर ताण येणारच.”