प्रेशर स्विच बदलून फर्नेस सुरू होईलच असं नाही

थंडी पडली की एक सल्ला हमखास फिरायला लागतो. ‘घर गरम करणारी गॅस फर्नेस पेटत नाही आणि तिच्या कंट्रोल बोर्डवरचा दिवा प्रेशर स्विचचा कोड दाखवतोय? म्हणजे स्विच गेला. स्विचच्या नळीत तोंडाने ओढून बघा, टिक् वाजलं नाही तर नवा आणा. तोवर स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून काम भागवा. आणि हो, आधी फिल्टर बदला.’ वाचायला सोपा आहे, म्हणूनच लोक तो पुढे ढकलतात. पण यातलं जवळपास काहीच धड नाही.

‘कोड आला म्हणजे स्विच गेला.’

हा स्विच फर्नेस पेटवत नाही, फक्त खबर देतो. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की बोर्ड आधी स्विच उघडा, म्हणजे संपर्क न जुळलेला, आहे ना ते बघतो आणि मग इन्ड्युसरचा, म्हणजे जळलेला वायू बाहेर ओढणारा, पंखा फिरवतो. पंख्याची ओढ रबरी नळीतून स्विचमधल्या पातळ पडद्यापर्यंत पोचली, पडदा सरकला आणि संपर्क जुळला, तरच गॅस पेटवणारा इग्नायटर तापतो आणि त्यानंतर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ‘स्विच उघडाच राहिला’ हा कोड एवढंच सांगतो की संपर्क जुळला नाही. तो का जुळला नाही, हे शोधायचं काम आपलं. व्हेंटच्या (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या) किंवा हवा आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी बर्फ, पाला किंवा घरटं असेल, नळीला चीर गेली असेल, नळी जिथे बसते ते बारीक भोक गंजाने बुजलं असेल, नाहीतर पंखाच दमला असेल. स्विच बदलणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं.

जास्त कार्यक्षमतेच्या, म्हणजे कंडेन्सिंग फर्नेसमध्ये सगळ्यात जास्त चकवतं ते पाणी. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. साध्या फर्नेसमध्ये ते वाफ होऊन बाहेर जातं. इथे त्यातलं बरंचसं आतच थंड होऊन ट्रॅपमधून, म्हणजे निचऱ्याच्या सापळ्यातून, निचरायला हवं. ट्रॅप गाळाने तुंबला की पाणी मागे साचतं आणि ओढ तुटते. खूण ओळखीची आहे: फर्नेस व्यवस्थित पेटते, काही मिनिटं चालते, आतून गुळगुळ आवाज येतो आणि ती बंद पडते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. नळी खाली झोळ येऊन लोंबत असेल तर त्या झोळात साठलेलं थोडंसं पाणीही पुरतं. अशा वेळी नवा स्विच लावलात तर तोही हाच कोड देईल.

‘तोंडाने ओढून टिक् ऐका.’

स्विचवर आकडा छापलेला असतो. समजा तो पाण्याच्या स्तंभाचा ०.६ इंच आहे. म्हणजे पाणी जेमतेम १५ मिलिमीटर वर चढेल एवढीच ओढ. स्ट्रॉने आपण पाणी सहज वीतभर ओढतो. तेव्हा टिक् वाजलं यावरून स्विच नेमक्या आकड्याला जुळतो हे मुळीच ठरत नाही, उलट पडदा फाटायची सोय होते. नळीत टी-जोड घालून मॅनोमीटर (दाब मोजायचं उपकरण) लावा, पंखा फिरत असताना ओढ किती येते ते बघा आणि छापील आकड्याशी ताडा. मल्टिमीटर असेल तर पंखा चालू असताना स्विचच्या दोन टोकांवर मोजा: २४ व्होल्ट दिसले तर स्विच उघडा, जवळपास शून्य दिसलं तर जुळलेला. भोक साफ करायचं तर आधी नळी स्विचपासून काढा. फुंकर मारून सगळी घाण पडद्यावर ढकलू नका.

‘वायरी जोडून काम भागवा.’

हे धोक्याचं आहेच, शिवाय बऱ्याचदा चालतही नाही. पंखा फिरायच्या आधीच स्विच जुळलेला दिसला की बोर्ड ‘स्विच अडकला’ असा दुसरा कोड देऊन थांबतो. आणि जिथे ही युक्ती चालते तिथे तुंबलेल्या व्हेंटवरही गॅस पेटत राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याला वास नसतो. तंत्रज्ञ तपासणीपुरता क्षणभर वायर लावतो, हातात मीटर धरून, आणि लगेच काढतो. त्या क्षणाची नक्कल करून रात्रभर झोपणं वेगळं.

‘फिल्टर बदला.’

बदला, खुशाल बदला. पण फिल्टर घरातल्या खेळत्या हवेच्या वाटेवर असतो आणि प्रेशर स्विच ज्वलनाच्या वाटेवर. या दोन हवा एकमेकींना भेटत नाहीत. फिल्टर कोंदला तर फर्नेस जास्त तापून लिमिट स्विच, म्हणजे तापमानावर नजर ठेवणारा दुसरा स्विच, उघडतो, आणि त्याचा कोड वेगळा असतो.

स्विच खरंच जातो का? जातो. मॅनोमीटर छापील आकड्याहून पुरेशी जास्त ओढ दाखवत असेल, नळी मोकळी आणि कोरडी असेल आणि तरी संपर्क जुळत नसेल, तर बदला. तोही त्याच मॉडेलसाठी सांगितलेल्या आकड्याचा. कमी ओढीला जुळणारा स्विच लावला की फर्नेस बिनतक्रार चालते, अगदी व्हेंट अर्धा बुजला असतानाही.